गेल्या वर्षीचे देणगीदार परत येत नाहीत, काय करावं? (दिंडोरी, नाशिक)

वर्गताई
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांवर कामाला पेठ-सुरगाण्याहून कुटुंबं येतात. त्यांच्या मुलांसाठी आम्ही संध्याकाळचा वर्ग चालवतो. नोव्हेंबर ते एप्रिल, साधारण १५० दिवस. ६० मुलं, दोन शिक्षिका, ने-आण करायला एक गाडी आणि खाऊ. हंगामाचा खर्च तीन लाख. न्यास नोंदलेला आहे, ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) आहे.

गेल्या वर्षी १४० जणांनी देणगी दिली. यंदा, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याच सगळ्यांना व्हॉट्सॲपवर आवाहन पाठवलं तर ३८ जणांनीच पैसे दिले. बाकीच्यांनी नाही म्हटलं असंही नाही, नुसत्या ब्लू टिक. दुसरी अडचण म्हणजे वह्या, दप्तरं, स्वेटर न मागता येतात. मागच्या दोनशे वह्या अजून कपाटात आहेत. पण शिक्षिकांच्या मानधनाचं नाव काढलं की "आम्ही वस्तूच देतो" हे उत्तर येतं. मुलं टिकतात ती त्या दोघींमुळे, हे लोकांना कसं सांगू? आणि नवे देणगीदार कुठे शोधू?

गंगापूररोड
ताई, नव्यांचं नंतर बघू. आधी ते १०२ जण. त्यांनी पैसे दिल्यापासून या आवाहनापर्यंत पावती सोडून तुम्ही त्यांना काय कळवलंत?

वर्गताई
काहीच नाही, काका. एप्रिलमध्ये वर्ग संपतो तेव्हा आम्ही पार दमलेलो असतो. मग पावसाळा, आणि बघता बघता दिवाळी.

गंगापूररोड
मग गळती तिथेच आहे. मी एका संस्थेचा १७ वर्षं खजिनदार होतो. आम्ही आधी छापील अहवाल पाठवायचो, तो कोणी वाचत नसे. मग विश्वस्तांनी नावं वाटून घेतली आणि वर्षातून दोनदा फोन करायचं ठरवलं. त्या फोनवर पैसे मागायचे नाहीत, हा नियम कडक पाळला. "तुमच्या पैशातून अमुक झालं, एकदा बघायला या", एवढंच बोलायचं. आणि समोरचा काय बोलला ते वहीत लिहायचं: कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाची मुलगी पुण्याला गेली. पुढच्या फोनला ते विचारायचं. सुरुवातीला हे वेळखाऊ वाटतं, पण आमच्याकडे माणसं टिकली ती याच वहीमुळे.

पंचवटीकर_सुनबाई
मानधनाबद्दल सांगते. मठात, अन्नछत्रात लोक तिथी लिहून ठेवतात ना? आजोबांच्या पुण्यतिथीचं अन्नदान दर वर्षी ठरलेलं असतं. तुमचंही तसंच करा. तीन लाखांना १५० दिवसांनी भागलं की एका दिवसाचे दोन हजार. "वर्गाचा एक दिवस" मागा. त्यात शिक्षिका, गाडी, खाऊ सगळं आलं, मानधन वेगळं मागावंच लागत नाही. त्या दिवशी फळ्यावर त्या घरातल्या माणसाचं नाव लिहा आणि फळ्याचा फोटो त्यांना पाठवा. माझ्या सासूबाई सासऱ्यांची तिथी अशीच देतात. पुढच्या वर्षी तारीख जवळ आली की संस्थेच्या आधी त्यांनाच आठवण होते.

सिडको_तुषार
दिवसापेक्षा "एक मूल पाच हजार" हे लोकांना जास्त भिडेल. मुलाचा फोटो आणि नाव पाठवा.

वर्गताई
तुषारदादा, हे नको वाटतं. बागेचं काम उरकलं की कुटुंब हंगामाच्या मध्येच दुसरीकडे जातं. "माझं मूल कसं आहे" असं देणगीदाराने विचारलं तर मी काय सांगू? शिवाय आपला फोटो कुठे फिरतोय हे त्या आईवडिलांना कळत नाही. फळ्याचा फोटो चालेल.

सिडको_तुषार
पटलं. मी हा विचार केला नव्हता.

हिशेबनीस
कागदांचं बघा. पावतीसाठी पॅन मागून ठेवा, क्यूआर कोडवर पैसे टाकणारे तो देत नाहीत. वर्षभरातल्या देणग्यांचं १०बीडी विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं आणि देणगीदाराला त्याच्या देणगीचं १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. ते चुकलं तर त्याची वजावट अडकते आणि तो पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्कही आहे. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ८०जी मिळत नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावटच नाही, म्हणून आवाहनात "कर वाचवा" हा मुद्दा वर ठेवू नका.

अंबड_एमआयडीसी
सीएसआरसाठी (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) लगेच धावू नका. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी लागू असेल त्याच कंपनीवर नफ्याच्या २ टक्क्यांची सक्ती असते. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधले बहुतेक छोटे कारखाने त्यात बसत नाहीत. पण त्यांचे मालक स्वतःच्या खिशातून देतात, त्यांना भेटा. मोठ्या कंपनीकडे जायचं तर आधी सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) करून घ्या.

निफाडचा_बागायतदार
ताई, मी तुमचा नसलो तरी अशाच एका संस्थेचा बंद झालेला देणगीदार आहे. सलग तीन वर्षं पैसे दिले, दर वर्षी ऑक्टोबरमध्येच निरोप यायचा. त्या वेळी आमची गोडी छाटणी (द्राक्षाच्या फळासाठीची छाटणी) असते. मजुरी, औषधं, खतं, सगळा पैसा बागेत जात असतो आणि हातात काही नसतं. माल विकून मार्च-एप्रिलमध्ये पैसा येतो, तेव्हा मात्र कोणी विचारत नाही. चौथ्या वर्षी मी उत्तर दिलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही.

दुसरं असं की ही मुलं आमच्याच बागांवर राहतात. त्यांची आई दिवसभर माझ्या बागेत डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम) करते आणि मूल बांधावर बसलेलं मला रोज दिसतं. वर्ग कुठे भरतो ते दाखवायला एकदा बोलावलं असतं तर ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन मीच मुलं सोडायला गेलो असतो. दिंडोरीतल्या किती बागायतदारांना तुम्ही वर्गावर बोलावलंय?

वर्गताई
एकालाही नाही, दादा. आम्ही शहरातच मागत राहिलो.

वर्गताई (आठ दिवसांनी)
११ फोन झाले, पैसे कोणाकडेच मागितले नाहीत. चौघांना वर्ग बंद पडला असंच वाटत होतं. एका आजोबांना पावतीच मिळाली नव्हती, ती घरी नेऊन दिली. त्यांनी आजींच्या नावाने १८ जानेवारी लिहून ठेवली. दोघांनी स्पष्ट नाही सांगितलं, तेही वहीत लिहिलं. वर्गाच्या आसपासच्या सहा बागायतदारांना या रविवारी चहाला बोलावलंय. निफाडच्या दादा, तुम्हीही याल का? साडेपाचला मुलं कविता म्हणतात, त्याच्या आधी पोहोचा.

निफाडचा_बागायतदार
येतो. पाचला पोहोचतो.