मदत हवी आहे: घानातल्या नवरोंगो भागात घरोघर सर्वेक्षण, महिने कोणते धरावेत?

ताम्हण
मंडळी, घानाच्या अप्पर ईस्ट प्रांतात, नवरोंगो आणि पागा या दोन गावांच्या परिसरात (कासेना-नानकाना जिल्हे) औषधोपचारावर घरटी किती खर्च होतो, याचं सर्वेक्षण आखायचं आहे. सुमारे ६०० कुटुंबं, चौघांची तुकडी, त्यातले दोघे पुण्याहून. सध्या जुलै ते सप्टेंबर ठरतंय, कारण तेव्हा आमची माणसं मोकळी आहेत. हे महिने चालतील का? गाववार घरांची यादी मिळते का? आणि आपल्यापैकी कुणी आजारी पडलं तर न्यायचं कुठे?

नांगरट
महिने बदला. तिथे पावसाळा एकच, मे ते ऑक्टोबर, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचा जोर. मुरमाचे आतले रस्ते तुटतात, घरात भेटायला कुणी नसतं, सगळे शेतात. पण खरी अडचण आकड्यांची आहे. लवकर येणारी बाजरी हाती येईपर्यंत कणग्या रिकाम्या असतात, आणि हिवतापही नेमका याच महिन्यांत चढतो. म्हणजे आजारपण सर्वांत जास्त आणि हातात पैसा सर्वांत कमी. या तिमाहीला चारने गुणून वर्षाचा खर्च काढलात तर तो आकडा कुठल्याच घराचा नसेल.

एकच फेरी परवडत असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी. ज्वारी, भुईमूग घरात आलेले असतात. माझं मत मात्र दोन फेऱ्यांचं: तीच ३०० घरं ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत. बाह्यरुग्ण खर्च मागच्या दोन आठवड्यांचाच विचारा, दवाखान्यात भरती झाल्याचा वर्षभराचा. दोन्हींना एकच कालावधी लावला की लहानसहान खर्च लोक विसरतात. मार्च-एप्रिल टाळा, पारा चाळिशीला टेकतो.

नमुना काढताना टोनो धरणाचा कालवा विसरू नका. १९७५ ते १९८५ या काळात बांधलेलं हे धरण सुमारे २,४०० हेक्टर भिजवतं. कालव्याखालच्या घरांना कोरड्या दिवसांतही भात, टोमॅटो यांचा पैसा दिसतो (बुर्किना फासोचा टोमॅटो बाजारात उतरला की भाव पडतो, ते वेगळं). कोरडवाहू घरांतले तरुण तेव्हा दक्षिणेकडे मजुरीला गेलेले असतात. हे दोन थर वेगळे ठेवा.

यादीबद्दल: आपल्यासारखं गावठाण तिथे नाही. प्रत्येक वाडा आपल्याच शेताच्या मधोमध, शेजारचा वाडा शेतापलीकडे. एका वाड्यात तीन-चार चुलीही असतात, म्हणून आधी वाडा निवडा, मग त्यातलं कुटुंब. नवरोंगो आरोग्य संशोधन केंद्र १९९० च्या दशकापासून या भागातल्या वाड्यांची आणि माणसांची नोंद ठेवतं. पहिलं पत्र त्यांना, नैतिक मंजुरीसकट. मग गावच्या मुखियाची भेट, आणि वाड्यात शिरल्यावर आधी वाड्याच्या प्रमुखाची परवानगी. ती न घेता थेट बायकांना प्रश्न विचारले तर उत्तरं मिळणार नाहीत.

सुईदोरा
आरोग्यसेवेबद्दल. सर्वांत खालची पायरी म्हणजे 'चिप्स' केंद्र. गावातच राहणारी परिचारिका हिवतापाची झटपट चाचणी, गोळ्या, क्षारसंजीवनी, लसीकरण, कुटुंबनियोजन एवढं बघते. १९९४ मध्ये याच नवरोंगोत प्रयोग म्हणून सुरू झालेली ही पद्धत पुढे घानाचं राष्ट्रीय धोरण झाली. त्यावर आरोग्य केंद्र, मग नवरोंगोचं वॉर मेमोरियल रुग्णालय, मग तीसेक किलोमीटरवर बोल्गातांगाचं प्रांतीय रुग्णालय, आणि शेवटी टमालेचं शिक्षण रुग्णालय. रात्री चिप्स केंद्रातून वर हलवायला बहुधा तीनचाकी मोटरकिंगच मिळते.

प्रश्नावलीत सरकारी आरोग्य विम्याला दोन प्रश्न द्या: कार्ड आहे का, आणि आज चालू आहे का. नूतनीकरण राहून गेलेली कार्डं पुष्कळ असतात. विमा चालू असूनही खिशातून पैसे जातात, कारण रुग्णालयाच्या दाव्यांची रक्कम विमा प्राधिकरणाकडून उशिरा आली की औषधसाठा संपतो आणि चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळते. हा खर्च वेगळ्या रकान्यात घ्या, नाहीतर 'विमा आहे म्हणून शून्य' अशी नोंद होईल.

पुण्याहून जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान १० दिवस घ्यावी, सरकारमान्य केंद्रावर, पिवळ्या कार्डासह. परतताना भारतातही ते कार्ड बघतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. डॉक्सिसायक्लिन घेतलीत तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि उन्हात कातडी भाजते. क्लोरोक्विन तिथे निरुपयोगी. हा भाग मेंदूज्वराच्या (मेनिंजायटिस) पट्ट्यात येतो, डिसेंबरनंतरच्या कोरड्या वाऱ्यात साथी येतात, तेव्हा चार प्रकारांवरची लसही घ्या. 'अ' प्रकार जवळपास नाहीसा झाला तो पुण्यातच बनलेल्या लसीमुळे. ती घानात २०१२ मध्ये दिली गेली. पण बाकीचे प्रकार आहेतच.

ताम्हण
दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार, दोन फेऱ्यांचं पटलं. शेतांतून चालायचं तर साप असणार. इथून प्रतिविषाच्या कुप्या नेऊ का?

फुरसेवाला
अजिबात नको. तिथला मुख्य विषारी साप म्हणजे आपल्या कोकणातल्या फुरशाचा आफ्रिकी चुलतभाऊ. दिसायला सारखा, पण विष वेगळं, आणि भारतीय सापांच्या विषापासून बनवलेलं औषध त्यावर नीट लागू पडत नाही. घानाच्याच एका ग्रामीण रुग्णालयात भारतात बनलेलं, आफ्रिकेसाठी म्हणून विकलेलं प्रतिविष वापरात आल्यावर दंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेलं होतं. पश्चिम आफ्रिकी सापांसाठीचं प्रतिविष कुठल्या रुग्णालयात शिल्लक आहे, एवढं पोचल्या दिवशी विचारून ठेवा.

दंश झाला तर पाय हलवू नका, आवळू नका, कापू नका. रुग्णालयात २ मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी उलटी करतात. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष द्यावं लागतं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर ही चाचणी फसते, निरोगी रक्तही गोठत नाही. म्हणून अशा चार-सहा काचेच्या नळ्या सामानात असू द्या. आणि घोट्यावर येणारे बूट, रात्री विजेरी.

नांगरट
एक राहिलं: याच प्रांतातल्या बावकूच्या बाजूला नमुना वाढवायचा मोह होईल, पण २०२१ च्या अखेरपासून तिथे संघर्ष पेटलेला आहे. नवरोंगो, पागा एवढ्यावरच थांबा.