तोक्योतला शेवटचा दिवस: बॅगा कुठे ठेवायच्या आणि फिरायचं कुठे?

नवी_वाट
हॉटेल आसाकुसात आहे, चेकआउट ११ ला. सोमवार आहे आणि नारिताहून विमान संध्याकाळी साडेसातला. दोघं आहोत, २८ इंची दोन बॅगा. शिबुया-शिंजुकु झालंय. आता गर्दी नको, जुन्या वस्तीतून निवांत पायी फिरायचंय. यानाकाला वेळ पुरेल का? शाकाहारी आहोत. सुइका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डातले उरलेले पैसे परत मिळतात का?

पायपीट
पुरेल, पण ११ वाजेपर्यंत खोलीत बसू नका, नऊला निघा. यानाका, नेझु आणि सेंदागी या तिन्ही वस्त्या एकमेकींना लागून आहेत. तिन्ही मिळून 'यानेसेन'.

बहुतेक जण निप्पोरी स्टेशनपासून सुरुवात करतात. तुम्ही उलटे चला. यानाका गिन्झा या बाजारातली दुकानं दहा-अकराशिवाय उघडत नाहीत, नेझुचं देऊळ मात्र सकाळी लवकर उघडतं. मेट्रोच्या गिन्झा लाइनने आसाकुसाहून उएनो, तिथून शिनोबाझु तळ्याच्या कडेने पंधरा-वीस मिनिटांत नेझु. देवळाची आजची वास्तू १७०६ची. शेजारी लाल तोरींची, म्हणजे देवळाच्या कमानींची, रांग आहे. तोरी बुटक्या आहेत, पाठीवरची सॅक हातात घ्या, नाहीतर खांबांना घासते.

तिथून 'हेबी-मिची', म्हणजे सापवाट. रस्ता इतका का वळतो, तर खाली आइझोमे नदी आहे. ती झाकून वर रस्ता केला आणि नदीची वळणं तशीच राहिली. तैतो आणि बुंक्यो या दोन वॉर्डांची हद्दही इथूनच जाते. सापवाट संपली की जवळच यानाका गिन्झा. हा बाजार जेमतेम पावणेदोनशे मीटरचा, पूर्वेच्या टोकाला 'युयाके दानदान' पायऱ्या. त्या चढून पुढे गेलात की निप्पोरी स्टेशन. वाटेत थोडं उजवीकडे वळून यानाका दफनभूमी बघा, शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु तिथेच आहे. रमतगमत साडेतीन-चार तास धरा.

सोमवारी काही दुकानं बंद असतात. असाकुरा शिल्पसंग्रहालय तर सोमवारी आणि गुरुवारी बंदच, म्हणजे ते तुमच्या यादीतून गेलं.

रुळावरचा
बॅगांबद्दल. २८ इंची बॅग फक्त मोठ्या लॉकरमध्ये मावते आणि मोठे लॉकर स्टेशनवर मोजकेच असतात, सकाळीच भरतात. केइसेइ या खासगी रेल्वे कंपनीच्या उएनो स्टेशनवर जागा मिळाली तर उत्तम, कारण नारिताला जाणारी तिची जलद गाडी स्कायलायनर तिथूनच सुटते. जेआर (जपान रेल्वे) उएनो आणि केइसेइ उएनो ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये रस्ता ओलांडून चालावं लागतं. लॉकर कुठल्या स्टेशनात घेतला त्याचा फोटो काढून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: सुइकाने पैसे भरले तर तेच कार्ड लॉकरची किल्ली. बॅगा काढण्याआधी कार्ड परत केलंत की बसलात! रोख भरलेत तर पावतीवरचा आकडा किंवा क्यूआर जपा.

साध्या सुइकाची अनामत ५०० येन परत मिळते, पण शिल्लक रकमेतून २२० येन कापतात. शिल्लक त्याहून कमी असेल तर तेवढीच जाते, ५०० पूर्ण मिळतात. म्हणून आधी कोनबिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात) पाणी-बिणी घेऊन शिल्लक संपवा. कार्ड जेआरच्या या भागातल्या कंपनीच्या, म्हणजे जेआर ईस्टच्याच खिडकीवर द्यायचं, केइसेइवाले घेत नाहीत. नारितालाही जेआरची खिडकी आहे. पर्यटकांसाठीचं 'वेलकम सुइका' असेल तर विसरा, त्याला अनामतही नाही आणि परतावाही नाही.

भाकरतुकडा
लॉकरच्या भानगडीत पडूच नका. चेकआउट करून बॅगा हॉटेलच्या काउंटरवरच ठेवा, बहुतेक हॉटेलं त्याच दिवसापुरत्या फुकट ठेवतात. परत यायचंच आहे, कारण आसाकुसाहून तोएइ आसाकुसा या मेट्रो लाइनवरून नारिताला थेट गाडी आहे. नारंगी अक्षरातली 'अ‍ॅक्सेस एक्स्प्रेस' पकडा, तासाभरात पोचवते. त्याच रुळांवर हानेदा या दुसऱ्या विमानतळाच्या गाड्या उलट दिशेने धावतात, म्हणून फलाट बघून चढा. नारिताच्या काही गाड्या केइसेइच्या मुख्य मार्गाने रेंगाळत जातात, त्या सोडा. थेट गाड्यांमध्ये अंतर मोठं असतं, वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा.

खाण्याचं: यानाका गिन्झातले कोरोक्के (तळलेली कटलेट) बटाट्याचे दिसले तरी आत बहुधा खिमा असतो, तळणही चरबीचं असू शकतं. सोबा नूडल्सच्या रश्श्यात कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा. दाइफुकु (तांदळाच्या पिठाची गोड मिठाई), भाजलेलं रताळं निर्धास्त खा. दुकानासमोर उभं राहूनच खा आणि कागद तिथेच परत द्या, रस्त्यावर कचरापेटी सापडत नाही.

नवी_वाट
थेट गाडीचं माहीतच नव्हतं. मग हॉटेलवर किती वाजता परतायचं?

रुळावरचा
दोनला निप्पोरी सोडा, अडीच-पावणेतीनला हॉटेल, सव्वातीनच्या आसपासची गाडी. ती चुकली तर टॅक्सीने केइसेइ उएनो गाठा. दिवसा स्कायलायनर साधारण २० मिनिटांनी असते. तिचं आसनाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, नुसतं कार्ड टेकवून बसता येत नाही. आणि विमान कुठल्या टर्मिनलवरून आहे ते बघून ठेवा: २ आणि ३ चं स्टेशन आधी येतं, १ चं त्याच्या पुढचं.