मदत हवी आहे : काल्पनिक शहरांच्या अतिलघुकथांचा शेवट

मी काल्पनिक शहरांवर दीडशे शब्दांच्या आतील कथा लिहीत असून त्यांतील बहुतेक शेवटच्या दोन ओळींत ढासळतात. एका शहरात सावल्या माणसांच्या आधी घरी पोहोचून दार आतून उघडतात. कल्पना उभी राहते, पण पुढे काही घडत नाही आणि कथेचे नुसते वर्णन होते. पात्र आणले तेव्हा शब्द त्याच्या ओळखीतच संपले, आणि धक्कादायक शेवट केला तेव्हा शहरच मागे पडले. इटालियन लेखक इटालो काल्विनो यांनी १९७२ मध्ये ‘इनव्हिजिबल सिटीज’ या पुस्तकात ५५ काल्पनिक शहरे प्रवासी मार्को पोलो आणि मंगोल सम्राट कुब्लाई खान यांच्या संवादात गुंफली. तसा जोडधागा मला नको, कारण प्रत्येक कथा स्वतंत्रपणे वाचता यायला हवी. शब्दमर्यादाही वाढवता येणार नाही. मग पात्राविना, शहराच्या एकाच नियमातून कथेला शेवटाकडे नेणारी घटना कशी घडवावी?