मदत हवी आहे : सहापैकी कोणती प्रत फुटली?

गुप्तहेरकथा लिहितेय, तपासात अडकलेय. गोपनीय सरकारी अहवालाच्या क्रमांक घातलेल्या सहा प्रती सहा अधिकाऱ्यांनी वाचून परत केल्या. सगळ्या कपाटात आहेत, फुटलंय ते एका पानाचं छायाचित्र. प्रत क्रमांक त्यात आलेला नाही. प्रत्येक प्रतीत एखादा शब्द वेगळा ठेवायची युक्ती करून पाहिली, पण ती वाचक लगेच ओळखतात (आणि त्या पानावर नुसते आकडे!). बरेच रंगीत लेझर प्रिंटर सहज न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात, त्यातून यंत्र कळतं. पण सहाही प्रती एकाच प्रिंटरवर, एकाच वेळी छापलेल्या. सीसीटीव्ही, कबुलीजबाब नको. कपाटातल्या प्रती शेजारी ठेवून, त्या छायाचित्रातली प्रत माझा गुप्तहेर कशावरून ओळखेल?