वक्र पडद्याच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर: थ्रो रेशो किती असावा?

प्रश्न

घरातल्या एका खोलीत दोन आसनांचे कॉकपिट उभारत आहे. चौकट, पॅनेल आणि आसने बसवून झाली आहेत. आता खिडकीबाहेरचे दृश्य दाखवण्याची सोय करायची आहे. २ मीटर त्रिज्येचा, १८० अंशांचा वक्र पडदा आणि त्यावर शेजारी शेजारी तीन प्रोजेक्टर अशी योजना आहे. छत फार उंच नसल्यामुळे प्रोजेक्टर मागे लांब टांगले, तर कॉकपिटच्या टपाची आणि आमच्या डोक्यांची सावली पडद्यावर पडणार, म्हणून शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरावरून मोठे चित्र पाडणारे प्रोजेक्टरच घ्यावे लागतील. थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी) ०.७ ते ०.८, ०.५ आणि भिंतीलगत ठेवायचे ०.२५ च्या आसपासचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो असे तीन प्रकार पाहिले. रेशो जितका कमी तितकी सोय जास्त, असे सकृद्दर्शनी वाटते. वक्र पडद्यासाठीही हे खरे आहे का? शिवाय ४के (३८४० × २१६० पिक्सेल) घ्यावे की १९२० × १०८० पुरेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सपाट पडद्यासाठी आपले अनुमान बरेचसे बरोबर आहे, पण वक्र पडद्यावर नेमके उलटे घडते. म्हणून मॉडेल निवडण्याआधी कागदावर आकृती काढावी.

थ्रो रेशो म्हणजे भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी. तीन प्रोजेक्टरांनी प्रत्येकी ७० अंश व्यापले आणि दोन्ही सांध्यांवर १५ अंशांचा ओव्हरलॅप ठेवला, तर बरोबर १८० अंश होतात. २ मीटर त्रिज्येवर ७० अंशांची जीवा सुमारे २.२९ मीटर भरते आणि ती केंद्रापासून १.६४ मीटरवर असते. म्हणजे प्रोजेक्टर वर्तुळाच्या केंद्रावर, आपल्या डोक्याच्या वर टांगला, तर लागणारा रेशो ०.७१ येतो. ०.५ चा प्रोजेक्टर घेतल्यास तो केंद्राच्या जवळजवळ अर्धा मीटर पुढे, पॅनेलच्या वर येईल.

आता मुख्य अडचण पाहा. या ७० अंशांच्या तुकड्यात पडद्याचा मध्य जीवेच्या ३६ सेंटिमीटर मागे असतो. केंद्रावरच्या ०.७१ च्या प्रोजेक्टरसाठी कडेची खोली १.६४ आणि मध्याची २ मीटर, म्हणजे मध्यावर चित्र १.२२ पट ताणले जाते. ०.५ ला हा ताण १.३२ पट आणि ०.२५ ला १.६ पटींच्या वर जातो. तो ताण वॉर्पिंग सॉफ्टवेअरने (चित्र आधीच उलट दिशेने वाकवणाऱ्या) सरळ करता येतो, पण त्यासाठी मधल्या भागातले पिक्सेल सोडून द्यावे लागतात: ०.७१ ला उभ्या पिक्सेलांपैकी साधारण पाचवा हिस्सा, ०.५ ला जवळजवळ चौथा हिस्सा. शिवाय फोकस एकाच अंतरावर नेमका बसतो. दीड-दोन मीटरच्या अंतरात ३६ सेंटिमीटरचा फरक भिंग बऱ्यापैकी सांभाळून घेते. अल्ट्रा शॉर्ट थ्रोला तो सांभाळणे शक्य नसते, कारण त्याचे भिंग किंवा आरसा पडद्याच्या अगदी जवळ असतो. त्यातच त्याचा प्रकाश पडद्यावर इतका तिरपा पडतो, की प्लायचा जोड किंवा रंगाचा किंचित उंचवटासुद्धा क्षितिजाची रेषा वाकडी करतो. तो प्रकार आपल्या यादीतून निःशंकपणे काढून टाकावा.

माझ्या मते जागा जितका मोठा रेशो घेऊ देईल तितका घ्यावा, म्हणजे आपल्या मापांना ०.७ च्या आसपासचा.

प्रतिसाद २

वरील गणिताशी मी सहमत आहे, पण एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते: काळा रंग. प्रोजेक्टर काळा रंग दाखवत असतानाही थोडा प्रकाश गळतोच. दिवसाच्या उड्डाणात तो जाणवत नाही. रात्री मात्र ओव्हरलॅपच्या पट्टीत दोन प्रोजेक्टरांची गळती एकत्र येते आणि अंधाऱ्या आकाशात दोन करडे उभे पट्टे दिसतात. सॉफ्टवेअरमधले ब्लेंडिंग (शेजारची चित्रे सांध्यावर एकमेकांत मिसळणे) चित्राचा प्रकाश कमी करू शकते, ही गळती नाही. त्यावर भिंगापुढे कडा विरळ होत जाणारी पट्टी बसवण्याचा उपाय आहे, पण मुळात मूळचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातला फरक) चांगला असलेले मॉडेल घेणे केव्हाही बरे. जाहिरातीत छापलेला कॉन्ट्रास्ट बहुधा दिवा मंद-प्रखर करून मोजलेला असतो. त्यावर विसंबू नये.

लुमेनच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या एकूण प्रकाशाच्या आकड्याच्या मागेही लागू नये. प्रत्येक तुकडा सुमारे तीन चौरस मीटरचा आहे आणि अंधाऱ्या खोलीत ३,००० लुमेन त्याला पुरून उरतात. पडदा शुभ्र न रंगवता फिकट करडा, बिनचकाकीचा रंगवावा, कारण वक्र पडद्याच्या डाव्या बाजूचा उजेड उजव्या बाजूवर जाऊन पडतो आणि सगळे चित्र धुरकट होते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ०.७ च्या दिशेने जाण्याचे ठरवतो. दोन शंका राहतात. प्रोजेक्टर उलटे टांगल्यावर चित्र किती खाली येईल? आणि आम्ही दोघे केंद्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना बसणार असल्याने दृश्य नेमके कोणाच्या डोळ्यांसाठी जुळवायचे?

प्रतिसाद १

बऱ्याच शॉर्ट थ्रो मॉडेलांत चित्र भिंगाच्या पातळीपासून ठरावीक अंतर सोडून सुरू होते आणि लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र वरखाली सरकवण्याची सोय) नसतेच. हा ऑफसेट माहितीपत्रकात दिलेला असतो. तो चित्राच्या उंचीच्या १० टक्के धरला, तर आपले चित्र कडेला भिंगाच्या १३ सेंटिमीटर खाली सुरू होऊन सुमारे १.४ मीटर खाली संपेल. भिंग २.१ मीटर उंचीवर असल्यास चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांजवळ येतो, आणि क्षितिज तिथेच हवे. ऑफसेट फार मोठा असेल तर आकाश कापले जाते.

दुसऱ्या शंकेचे पूर्ण समाधान साध्या पडद्यावर होत नाही. आसने एकमेकांपासून मीटरभर अंतरावर असतील, तर प्रत्येक जण केंद्रापासून अर्धा मीटर बाजूला बसतो आणि २ मीटरवरच्या पडद्यावर सरळ समोरची धावपट्टी त्याला सुमारे १४ अंश सरकलेली दिसते. मोठ्या प्रशिक्षण सिम्युलेटरांत वक्र आरशातून समांतर किरण पाठवून ही अडचण सोडवतात. घरी बहुतेक वेळा एकटेच उडवणार असाल, तर डाव्या आसनासाठीच जुळवणी करावी. दोघांसाठी हवे असेल तर मध्यावर करावी आणि दोघांनी थोडी चूक वाटून घ्यावी.

प्रतिसाद ३

४के विषयी थोडेसे. १९२० पिक्सेल ७० अंशांवर पसरले, की एका अंशाला २७ येतात. तीक्ष्ण दृष्टीच्या डोळ्याला साधारण ६० ओळखता येतात. फरक दिसतो हे खरे, पण तीन ४के चित्रे म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चौपट पिक्सेलांचा भार, आणि वळण घेताना अडखळणारे दृश्य थोड्या धूसर दृश्यापेक्षा अधिक त्रासदायक वाटते. १९२० × १२०० चा प्रोजेक्टर मिळाला तर वरखाली जास्त दिसेल, तो अवश्य पाहावा.

प्रोजेक्टरमधले कीस्टोन (तिरपे चित्र सरळ करण्याची सोय) पूर्ण बंद ठेवावे आणि सगळी सरळता वॉर्पिंग सॉफ्टवेअरकडे सोपवावी, नाहीतर चित्र दोनदा ताणले जाऊन अक्षरे फुटतात आणि काही मॉडेलांत इनपुट लॅगही (चित्र पडद्यावर उमटायला लागणारा उशीर) वाढतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. लॅग एक-दोन फ्रेमच्या आत असलेलेच मॉडेल निवडावे. तिन्ही प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे घ्यावेत, आणि दिव्याचे असतील तर तिन्ही दिवे एकदमच बदलावेत, नाहीतर जुन्या दिव्याचे आकाश पिवळसर दिसू लागते.

तिन्ही एकदम मागवण्याआधी एकच आणून ठरलेल्या जागी टांगावा आणि बारीक अक्षरांचे पान पडद्याच्या मध्यावर व दोन्ही कडांवर दाखवून फोकस तपासावा.