पर्शियन, हिमालयन, एक्झॉटिक: नेमका फरक कशात?

माऊवाली_लोकमान्यनगर:
इंदूरमध्येच एका विक्रेत्याकडे मांजराची नऊ आठवड्यांची तीन पिल्लं आहेत. त्याच्या म्हणण्यानुसार एक हिमालयन (पांढरं शुभ्र, निळे डोळे, 'ट्रिपल कोट'), एक 'सेमी पंच' (म्हणजे नाक अर्धवट चपटं) पर्शियन (राखाडी) आणि एक एक्झॉटिक (आखूड केस, नाक पार आत). हिमालयनचा भाव सगळ्यांत चढा. एक्झॉटिकची दोन सख्खी भावंडं मात्र लांब केसांची आहेत, तिथे शंका आली. ही तीन ब्रीड्स खरंच वेगळी आहेत का? पिल्लू हातात घेऊन ओळखायचं कसं? पुढे एक वेत घ्यायचा विचार आहे, तेव्हा मादी निवडताना काय बघावं तेही सांगा.

चपटनाक्या:
सांगाडा तिघांचा एकच. रुंद छाती, आखूड जाड पाय, गोल डोकं, लहान आणि एकमेकांपासून लांब बसलेले कान. फरक दोन जीन्सचा: एक केसांची लांबी ठरवतो (एक्झॉटिकचे केस आखूड), दुसरा रंग अंगाच्या टोकांपुरता ठेवतो (हिमालयन; या रंगीत टोकांना पॉइंट म्हणतात). अमेरिकेच्या सीएफए या मांजरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेनं हिमालयनला १९५७ मध्ये वेगळं ब्रीड म्हणून मान्यता दिली आणि १९८४ मध्ये पर्शियनमध्येच एक रंगविभाग म्हणून घातलं. टीआयसीए ही तशीच दुसरी संस्था त्याला अजून वेगळं ब्रीड धरते, ब्रिटनची जीसीसीएफ कलरपॉइंट म्हणते. मांजर तेच.

आता तुमचं पांढरं पिल्लू, कारण खरी गडबड तिथेच दिसतेय. हिमालयनची पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब. रंग बनवणारं एन्झाइम उबेत काम करत नाही. नाक, कान, पंजे, शेपूट या थंड जागी करतं. सील पॉइंटच्या (गडद तपकिरी टोकांच्या) कानांच्या कडा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच काळपटायला लागतात. नऊ आठवड्यांनंतरही पिल्लू शुभ्र असेल तर एक तर फ्लेम (नारिंगी) किंवा क्रीम (फिकट पिवळसर) पॉइंट, ज्यांचा रंग उशिरा आणि फिकट येतो, नाहीतर साधं पांढरं पर्शियन. खिडकीजवळ नेऊन कानांची मागची बाजू आणि शेपटीचं टोक बघा. शेपटीवर फिकट नारिंगी छटा किंवा पट्टे असले तर फ्लेम. काहीच नसलं तर हिमालयनचा भाव देऊ नका.

पांढरं पर्शियन असेल तर निळ्या डोळ्यांवर भाळायच्या आधी ऐकू येतं का ते तपासा. पांढरा रंग आणि निळे डोळे एकत्र आले की बहिरेपणाची शक्यता बरीच वाढते. पिल्लू झोपलेलं असताना मागून, अंतर ठेवून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. टाळी किंवा पाय आपटणं नको, हवेचा झोत आणि फरशीची थरथर बहिऱ्या पिल्लालाही कळते. एकाच कानाचा बहिरेपणा या युक्तीनं पकडता येत नाही.

हिमालयनचे डोळे जन्मभर निळेच राहतात, सोनेरी डोळ्यांचं हिमालयन नसतंच. साध्या पर्शियनचा डोळ्यांचा रंग मात्र नऊ आठवड्यांत पक्का झालेला नसतो. आणि ट्रिपल कोट? खालची दाट लव आणि वरचे लांब केस, एवढंच असतं. तिसरा थर फक्त बिलात दिसतो.

एक्झॉटिकबद्दलची शंका सोडा. हे ब्रीड १९६० च्या दशकात अमेरिकन शॉर्टहेअर आणि पर्शियन यांच्या संकरातून झालं. आखूड केसांचा जीन प्रभावी, लांब केसांचा छुपा, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा. छुपा जीन बाळगणारं एक्झॉटिक आणि पर्शियन यांच्या वेतात सरासरी निम्मी पिल्लं लांब केसांची होतात, तशी दोन एक्झॉटिक एकत्र आली तर चौथा हिस्सा. शंका कधी घ्यायची? दोन्ही पालक लांब केसांचे असतील तेव्हा. अशा जोडीला आखूड केसांचं पिल्लू होऊच शकत नाही, म्हणून दोघांनाही डोळ्यांनी बघा.

पंजा_आणि_पोहे:
भिया, एक पुरवणी. डॉल फेस (नाक वर आलेलं), सेमी पंच, पंच (नाक पार चपटं) हे शब्द आपल्या बाजारातले, कुठल्याही मोठ्या संस्थेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे ब्रीड कसं असावं त्या लेखी मापात, त्यावर गुण नाहीत. सीएफएच्या १०० गुणांत डोकं (डोळे-कान धरून) ३०, शरीराची ठेवण २०, रंग २०, डोळ्यांचा रंग १०, केस १०, समतोल ५, नजाकत ५. एक्झॉटिकची वाटणीही हीच, फक्त केसांचं वर्णन वेगळं: मध्यम लांबीचे, मऊ, दाट, अंगापासून उभे राहणारे. बोट फिरवल्यावर केस कडक, चटकन परत उभे राहणारे लागले आणि नाकाला खोल खाच नसून नुसता हलका उतार असला तर ते ब्रिटिश शॉर्टहेअरकडे झुकतं. एक्झॉटिकच्या नावानं असली संकरित पिल्लंही खपवतात.

नाकाबद्दल दोन संस्थांचा सूर वेगळा आहे. सीएफएला नाकाची खाच दोन डोळ्यांच्या मधोमध हवी. जीसीसीएफमध्ये नाकाच्या ओल्या भागाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर गेली तर तो दोष. घरच्या मांजरासाठी मी दुसऱ्या नियमानं जाईन. पिल्लाचं तोंड आपल्या नजरेच्या पातळीवर धरा आणि दोन्ही खालच्या पापण्यांवरून जाणारी आडवी रेघ कल्पा, वाटल्यास पेन्सिल धरा. नाक रेघेच्या खाली असावं. मग दोन मिनिटं दोरीमागे पळवा. नाकपुड्या चिरेसारख्या बंद असतील, श्वासाला घुरघुर येत असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते पिल्लू वेतासाठी नको. बेतशीर चेहऱ्याची मादी बाळंतपणातही सोपी जाते. चपट्या चेहऱ्याच्या ब्रीड्समध्ये पिल्लू अडण्याचं प्रमाण जास्त असतं.

माऊवाली_लोकमान्यनगर:
हिमालयन मादीला साधा पर्शियन बोका लावला तर निम्मी पिल्लं हिमालयन होतील का?

चपटनाक्या:
नाही, बहुतेक वेळा एकही नाही. पॉइंटचा जीन छुपा आहे, तो दोन्हीकडून यावा लागतो. बोक्याकडे तो नसेल तर सगळी पिल्लं पॉइंट नसलेली, अंगभर रंगाची, पण प्रत्येक पिल्लू वाहक, म्हणजे जीन न दाखवता बाळगणारं. बोका स्वतः वाहक असेल तरच सरासरी निम्मी पॉइंट.

कंगवा_रोज:
मेटिंगचं ठरवायच्या आधी पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी डिसीज) हा आनुवंशिक आजार तपासून घ्या. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, जन्मतः बारीक, वयानुसार मोठ्या. लक्षणं बहुधा मध्यम वयात दिसतात, तोवर मादीची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात. हा जीन प्रभावी आहे, म्हणून एका पालकाकडून आला तरी पुरे आणि अशा पालकाच्या प्रत्येक पिल्लाला निम्मा धोका. वेगवेगळ्या देशांतल्या जुन्या पाहण्यांत एकतृतीयांशाहून जास्त पर्शियन मांजरांत ही खोट सापडली होती, आणि हिमालयन, एक्झॉटिकमध्येही तेच रक्त आहे. डीएनए चाचणी २००४ नंतर आली, ती कोणत्याही वयात होते. सोनोग्राफी साधारण दहा महिन्यांनंतरच भरवशाची, त्यामुळे नऊ आठवड्यांच्या पिल्लाची सोनोग्राफी स्वच्छ म्हणून कागद दाखवला तर त्याला अर्थ नाही. विक्रेत्याकडे दोन्ही पालकांचे डीएनए रिपोर्ट मागा, रिपोर्टवरचा मायक्रोचिप नंबर स्कॅनरनं मांजराशी जुळवा. सोनोग्राफीची सोय तुमच्या डॉक्टरांकडे नसेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा.

हिमालयन घेतलंच तर उन्हाळ्यात अंग भादरू नका. केस गेले की कातडी थंड पडते आणि तिथे नवे केस गडद येतात, म्हणजे पाठीवर तपकिरी चौकोन उठतो. तो पुढच्या केसगळतीपर्यंत राहतो. सोनोग्राफीसाठी पोट भादरलं तरी हेच होतं, घाबरू नका. त्यापेक्षा स्टीलचा कंगवा रोज दहा मिनिटं, आधी रुंद दातांचा, मग बारीक. काखा, कानांमागे आणि मांड्यांच्या आतली बाजू आधी घ्या, गुंता तिथूनच सुरू होतो. गुंता न सोडवता आंघोळ घातली की त्याचा नमदा होतो. कात्रीनं कापायला गेलात तर केसांबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि कापते.

पिल्लू आणायचं तर सकाळी आठच्या आत. मे महिन्यात दुपारी रिक्षातून चपट्या नाकाचं मांजर आणणं म्हणजे जिवाशी खेळ.

माऊवाली_लोकमान्यनगर:
विक्रेता पालकांचे रिपोर्ट नाहीत म्हणतो, पण पिल्लाचा गालातला नमुना घेऊ देतो. चालेल?

कंगवा_रोज:
चालेल, पण आईचं दूध पिऊन लगेच नाही. तोंडात आईच्या पेशी राहिल्या तर रिपोर्ट आईचा येतो. आधी तासभर तरी पिल्लू वेगळं ठेवा, मग गालाच्या आतल्या बाजूला ब्रश फिरवा. निकाल हाती येईपर्यंत सगळे पैसे देऊ नका.