जुळी आहेत, वजनं कमी आहेत, दिवस भरायच्या आधी झाली तर? तुमचे अनुभव सांगा

नमस्कार. मला सत्ताविसावा आठवडा सुरू आहे, पहिलीच वेळ आणि जुळी. वार एकच आहे, दोघांच्या पिशव्या वेगळ्या, त्यामुळे सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करून राहिले, दर वेळी तो गर्भलिंग तपासणीबंदीचा फॉर्म एफ, सही, आणि मग आत. मागच्या स्कॅनला एकाचं वजन ९०० ग्रॅमच्या आसपास आलं आणि दुसऱ्याचं ७६०, म्हणजे दोघंही आठवड्यांच्या मानाने लहान आणि त्यातलं एक जास्तच. डॉपलर, म्हणजे बाळांच्या रक्तप्रवाहाची तपासणी, चांगला आहे म्हणाल्या मॅडम, पण गर्भाशयाचं तोंड थोडं आखूड झालंय म्हणून रात्री ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या. सगळं नीट गेलं तरी छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या पुढे नेणार नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

घरी मात्र डोहाळजेवणाची तयारी सुरू आहे आणि परवा घरातल्याच एक मोठ्या बाई म्हणाल्या की सातव्यातलं मूल जगतं पण आठव्यातलं जगत नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, खरं सांगते.

ज्यांची जुळी लवकर झाली त्यांनी प्लीज लिहा. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, काय होतं, दूध कसं पाजलं, घरच्यांनी काय केलं, पैशाचं काय. आईच पाहिजे असं नाही, बाबांनी आणि आजीआजोबांनीही लिहा. नागपूरचे असाल तर फारच बरं, पण वर्धा, भंडारा, चंद्रपूरहून इथे आणावं लागलेल्यांचंही ऐकायचं आहे.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलांची आई

ताई, आधी ते आठव्या महिन्याचं डोक्यातून काढून टाक. माझी दोघं बत्तीस आठवड्यांची, म्हणजे आठव्यातलीच, आज दोघंही शाळेत जातात आणि घर डोक्यावर घेतात. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या कामी येतो, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा कधीही जास्त तयार असतं, हे मला आमच्या बाळांच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून समजावलं होतं. तू महिने मोजणंच बंद कर, आठवडे मोज.

माझं संध्याकाळी पोट कडक व्हायला लागलं, दुखत असं नव्हतं, पण दर दहा मिनिटांनी आवळायचं आणि सुटायचं आणि कंबरेत खाली जड जड. गॅस असेल म्हणून ओवा खा म्हणाले सगळे, मी नवऱ्याला म्हटलं गाडी काढ. तिथे लगेच स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली, बाळाची फुप्फुसं पिकायला देतात ती, मला डेक्साची चार दिली, बारा बारा तासांनी, काहींना दुसऱ्या औषधाची दोनच देतात चोवीस तासांच्या अंतराने. डोस पूर्ण होऊन एक दिवस मिळाला की जास्त फायदा, म्हणून कळा थांबवायचं औषधही लावलं होतं आणि तेवढा वेळ मिळाला आम्हाला. म्हणून सांगते, पोट आवळतंय, पाणी जातंय, अंगावरून लाल जातंय, बाळांची हालचाल कमी वाटतेय, यातलं काहीही असलं तरी सकाळची वाट पाहू नको. फुकट चक्कर झाली तर झाली.

मोठा १५८० ग्रॅमचा, छोटा १३४० चा. दोघांनाही नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप लावलं, छोट्याला एकदा फुप्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी राहायचं औषध, द्यावं लागलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूच शकले नाही, फक्त पायाचा तळवा दिसला, माझ्या अंगठ्याएवढा, त्याला ऑक्सिजन मोजायची लाल दिव्याची पट्टी गुंडाळलेली. दूध तोंडाने नाही, चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला साधारण चौतीसावा आठवडा लागतो, तोवर नळीने. सिस्टर सिरिंजचा दांडा काढून टाकायची, नुसती नळी हातात उंच धरायची आणि माझं काढलेलं दूध त्यात ओतायची, ते आपोआप हळूहळू खाली उतरायचं. सुरुवातीला तर एक-दोन मिलीच. ते उतरताना मी श्वास रोखून पाहत बसायचे. दूध दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी काढायचं, बाळ जवळ नसलं तरी. पहिले दोन दिवस थेंबच येतात, ते थेंबसुद्धा टाकू नका, तेच चिकाचं दूध.

मनीषनगर

माझं वेगळं आहे, दोन वारा होत्या, सदतीस आठवडे पूर्ण झाले, २३०० आणि २१०० ग्रॅम, एकालाही काचेत ठेवावं लागलं नाही. सगळ्यांचं लवकरच होतं असं नाही, एवढं सांगायला लिहिलं. आणखी एक, मला सगळे म्हणायचे पलंगावरून उठू नको. डॉक्टरांनी सांगितलं की नुसतं पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं असं सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. जड काम सोडलं, घरात फिरत राहिले.

हिंगणा रोड, मुलगा आणि मुलीचा बाबा

बाबा म्हणून लिहितो. आमचं तेहतिसाव्यात झालं, मे महिन्यात, तुम्हाला माहीत आहे नागपूरचा मे, बाहेर ४५ डिग्री आणि आत बाळांना थंडी लागू नये म्हणून वॉर्मरवर ठेवलेलं. जिथे आमचं नाव नोंदवलं होतं तिथे एनआयसीयू होतं असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात बाळाला ठेवायची एकच काचेची पेटी रिकामी होती. एका बाळाला दुसरीकडे हलवायची वेळ आली आणि बायको तिसऱ्याच मजल्यावर टाके घेऊन पडलेली. नाव नाही घेत, पण आजही आठवलं की राग येतो. म्हणून ताई, आत्ताच जाऊन विचारा: दोन बाळांसाठी दोन पेट्या आणि दोन सीपॅप एकाच छताखाली मिळतील का, रात्री बाळांचे डॉक्टर हजर असतात का, नसतील तर कुठे पाठवता. आणि जागा नसेल तर बाळं पोटात असतानाच आईला हलवायचं, ती सगळ्यात सुरक्षित गाडी आहे असं मेडिकलमधले, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजमधले, एक डॉक्टर म्हणाले होते, ते मला पटलं.

पैशाचं. खाजगीत दिवसाचा खर्च आधी लेखी मागा आणि दोनने गुणा. इन्शुरन्स असेल तर नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत नसतं. सरकारीत घाबरून जाऊ नका. डागा आहे, मेडिकल आहे, मेयो आहे, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर आणि आजारी बाळाचा उपचार मोफत, नेणं-आणणंसुद्धा. १०८ चा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा.

आणि बाबा लोकांनो, कांगारू तुम्हीही करू शकता. शर्टाची बटणं उघडून बाळ छातीवर, वरून कपडा. माझ्या मुलीचा श्वास मॉनिटरवर वरखाली व्हायचा तो छातीवर घेतलं की सरळ व्हायचा. मी टाइल्सचं काम करतो, हात खरखरीत, सिस्टर म्हणाल्या हात नका लावू फक्त छाती द्या.

एनआयसीयूत काम करते, सदरकडे राहते

कांगारूबद्दल थोडं. कोलंबियाच्या बोगोटामध्ये १९७८ च्या सुमारास पेट्या पुरत नव्हत्या म्हणून ही पद्धत सुरू झाली, आणि आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की कमी वजनाच्या बाळाला शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसातून किमान आठ तास तरी. जुळं असेल तर दोघांना एकत्रही घेता येतं, नाहीतर एक आईकडे एक आजीकडे. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, त्याने रडू नका, दहा-पंधरा दिवसांत जन्माचं वजन परत येतं. आणि आईचं दूध पुरत नसेल तर पावडरच्या आधी दूध बँकेचं विचारा, आपल्या देशातली पहिली मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली सुरू झाली, आता बऱ्याच ठिकाणी आहेत. तिसरं म्हणजे हात. अंगठी, बांगड्या, धागा सगळं काढून कोपरापर्यंत धुवा. आम्ही ओरडतो ते याच्यासाठीच, जंतुसंसर्ग ही आमची सगळ्यात मोठी भीती असते.

वर्धा

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझीही वार एकच होती. एकविसाव्या आठवड्यात पोट चार-पाच दिवसांत एकदम वाढलं, कातडी ताणून चकचकीत, झोपता येईना. स्कॅनमध्ये एका बाळाभोवती पाणीच पाणी आणि दुसऱ्याभोवती जवळपास नाही. एका वारेतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातं तो आजार. लेझरने त्या नसा बंद करतात, तो सगळीकडे होत नाही, आम्ही मोठ्या शहरात जाऊन केला. एक गेला. दुसरा तेहतिसाव्या आठवड्यात झाला, १७०० ग्रॅम, आता माझ्या शेजारी झोपलाय.

तुला घाबरवायला नाही लिहून राहिले. तुझे स्कॅन वेळेवर होऊन राहिले आणि डॉपलर चांगला आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पंधरा दिवसांचा स्कॅन कुठल्याच लग्नासाठी, सणासाठी पुढे ढकलू नको, आणि मधेच पोट एकदम वाढल्यासारखं वाटलं तर तारखेची वाट पाहू नको. बस एवढंच. आणि जे गेलं त्याचं नाव आम्ही ठेवलं होतं, ते घरात घेतो.

मीच, धागा सुरू करणारी

वर्ध्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत, काय बोलू, दोन्ही बाळांना माझा नमस्कार. हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो उद्याच पेट्यांचं विचारायला जाऊन राहिला. एक विचारायचं होतं, घरी आणल्यावर पाहुण्यांना कसं थांबवायचं? आमच्याकडे खूप येतात.

महाल, आजी

बाई, ते काम आजीचं. माझ्या सुनेची दोघी १८०० ग्रॅमच्या घरी आल्या, मी दारातच उभी राहायची. पाचवी केली नाही, बारसं तीन महिन्यांनी केलं, टेकडीच्या गणपतीला मी एकटी जाऊन आली. कोणी रागावलं तर रागावलं, बाप्पा. शेगडी नाही, धुरी नाही, काजळ नाही, घुटी नाही, बोटावर मध नाही, सगळं डॉक्टरने सांगितलं तसंच. आंघोळ पण नाही, ओल्या कापडाने पुसायचं, टोपी-मोजे कायम. वाटी-चमच्याने दूध पाजायचं, एकेका चमच्याला वेळ लागतो, घाई केली की ठसका लागते. रात्रीचं एक बाळ माझ्या छातीवर राहायचं म्हणून सुनेला चार तास झोप तरी मिळायची. आशाताई यायची घरी, वजन करायची, तिला चहा द्या आणि सगळं विचारा.

बेसा, तीस आठवड्यांच्या मुलींची आई

वर बहुतेक सगळं आलंय, एक राहिलं ते डोळ्यांचं. लवकर झालेल्या बाळांच्या पडद्यावर चुकीच्या रक्तवाहिन्या वाढू शकतात, बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, कळत काहीच नाही. आपल्याकडे चौतीस आठवड्यांच्या आत झालेलं किंवा २००० ग्रॅमच्या खालचं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी करून घ्यायची, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. माझ्या धाकटीला सापडलं, वेळेत लेझर झालं, आज तिला चष्मा आहे पण दिसतं सगळं. कानाची तपासणी पण तेव्हाच विचारा.

बसणं, रांगणं हे सगळं मूळ तारखेपासून मोजायचं, जन्मतारखेपासून नाही, माझ्या मुली शेजारच्या बाळाच्या दोन-अडीच महिने मागे होत्या आणि तेच बरोबर होतं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. डोळ्यांच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि बाळं तोवर आतच असली तर डोळ्यांचे डॉक्टर तिथे येऊन तपासतात का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.